बोल्ट मागवण्याआधी: तापणाऱ्या आणि गंजणाऱ्या जागांसाठी स्टेनलेसची निवड

महापे-रबाळे पट्ट्यातल्या कारखान्यात नव्याने लागलेला इंजिनीअर पहिल्या महिन्याभरात एक इंडेंट, म्हणजे मालाच्या मागणीचा कागद, हमखास भरतो: ‘एसएस बोल्ट, एम१६ बाय ८०, ५० नग.’ एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील. स्टोअरवाले विचारतात, ‘कुठला एसएस?’ उत्तर येतं, ‘चांगल्यातला द्या.’ दोष त्याचा नाही. कॉलेजात बोल्टवर एक प्रकरण असतं आणि गंजावर दुसरं. दोन्ही एका फ्लँजवर, म्हणजे पाईप बोल्टने जोडणाऱ्या कड्यावर, एकत्र येतात तेव्हा काय होतं, हे कुणी शिकवत नाही. मी या पट्ट्यात मेंटेनन्समध्ये बरीच वर्षं काढली आहेत. नव्यांनी पाना हातात घेण्याआधी निदान एवढं तरी वाचावं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

आमच्याकडे थर्मिक फ्लुइडची, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाची, एक लाइन होती. तेल २८० अंशांवर फिरायचं. पाईप आणि फ्लँज एमएसचे म्हणजे साध्या पोलादाचे, बोल्ट अलॉय स्टीलचे. दोन पावसाळ्यांत ते बोल्ट लालभडक गंजले. शटडाऊनमध्ये कुणीतरी सुचवलं, आता एसएसच टाकू, कटकट मिटेल. मीही मान डोलावली. ३०४ या स्टेनलेस ग्रेडचे बोल्ट आले, थंड लाइनवर नीट आवळले, चाचणीत एक थेंब गळला नाही. लाइन तापवली आणि रात्रपाळीत लॅगिंगमधून, म्हणजे पाईपवरच्या उष्णतारोधक आवरणातून, धूर यायला लागला. एका फ्लँजमधून तेल झिरपून लॅगिंगमध्ये मुरत होतं. तेल प्यालेलं लॅगिंग आतल्या आत धुमसतं आणि हवा मिळाली की पेट घेतं. त्या रात्री वेळेत दिसलं म्हणून निभावलं. लाइन थंड करून बोल्टना पाना लावला, तर ते घट्ट होते! पुन्हा तापवली, पुन्हा झिरप. ३०४ चा माल अस्सल होता, आवळणाऱ्याचा हातही चोख होता. चुकलं ते दुसऱ्या पायरीत सांगतो.

पायरी १: आधी जागा वाचा

ग्रेडचा विचार करण्याआधी त्या जोडापाशी जा आणि वहीत चार-पाच गोष्टी टिपून आणा.

तापमान: नेहमीचं लिहाच, पण सर्वांत जास्त किती जातं तेही लिहा. सुरू करताना, बंद करताना, वाफेने धुताना किती होतं? आतल्या द्रवाचं तापमान आणि बोल्टचं तापमान एक नसतं. उघड्या फ्लँजचे बोल्ट द्रवापेक्षा बरेच थंड असतात, त्याच फ्लँजवर लॅगिंग चढवलं की बोल्ट जवळपास लाइनइतके तापतात. म्हणून ‘लॅगिंग आहे की नाही’ हा प्रश्न बोल्टच्याच यादीत येतो.

गंजवणारं काय आहे: इथे नवी माणसं आतल्या द्रवाचं नाव लिहून मोकळी होतात. फ्लँजच्या बोल्टला आतला द्रव सहसा लागतच नाही, तो गॅस्केटच्या, म्हणजे दोन फ्लँजमध्ये दाबलेल्या सीलच्या, आत अडलेला असतो. बोल्टला लागतं ते बाहेरचं: वरच्या व्हॉल्व्हमधून ठिबकणारं आम्ल, शेजारच्या टाकीची वाफ, फरशी धुतलेलं पाणी, लॅगिंगमध्ये शिरलेला पाऊस. आपल्याकडे त्यात खाडीचीही भर आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्याच्या एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी. खारट दमट वारा आणि चार महिन्यांचा पाऊस बोल्टवर येतोच, आत पाणी वाहत असो की तेल. ॲजिटेटरचे (द्रव ढवळणाऱ्या यंत्राचे) किंवा टाकीच्या आतल्या ट्रेचे बोल्ट मात्र थेट द्रवात बुडलेले असतात. त्यांच्यासाठी आतल्या द्रवाचं नाव, त्याचं प्रमाण आणि तापमान हेच सगळ्यात महत्त्वाचं.

फ्लँज कशाचा: एमएस, एसएस, ग्लासलाइन (आतून काचेचा थर दिलेला), की आणखी काही. ही ओळ कुणी लिहीत नाही आणि सगळ्यात महाग तीच पडते. शिवाय दाब, गॅस्केटचा प्रकार, आणि जोड रोज गरम-थंड होतो की वर्षभर एकाच तापमानावर राहतो, हे टिपा.

पायरी २: इथे स्टेनलेस हवंच आहे का?

बोल्टकडे खिळा म्हणून बघू नका. बोल्ट ही ताणलेली स्प्रिंग आहे. आवळताना आपण तो किंचित लांब करतो. तो परत आखडायला बघतो, आणि त्या ओढीने दोन फ्लँज आणि मधलं गॅस्केट दाबून धरलं जातं. ती ओढ गेली की बोल्ट जागेवर दिसला तरी जोड उघडा आहे असं समजा.

आता आकडे बघा. ३०४ जातीचं स्टेनलेस एका अंशाला दर मीटरमागे साधारण १७.५ मायक्रॉन वाढतं, साधं पोलाद साधारण १२.५. दोन फ्लँज आणि गॅस्केट मिळून १०० मिलिमीटर जाडी धरू, आणि सगळा जोड ३० वरून ३३० अंशांवर गेला असं समजू. स्टेनलेस बोल्ट ०.५२५ मिलिमीटर वाढेल. एमएसचा फ्लँज ०.३७५ वाढेल. फरक ०.१५ मिलिमीटर. आणि थंड असताना आपण बोल्ट किती ताणला होता? २०० मेगापास्कल ताण दिला असेल तर १०० मिलिमीटरमागे जेमतेम ०.१० मिलिमीटर. म्हणजे जेवढं ताणलं होतं त्याहून जास्त बोल्ट आपणहून सैल झाला. गॅस्केट आणि फ्लँज थोडे उसळून काही भाग भरून काढतात, पण पकडीचा मोठा हिस्सा गेलेला असतो. आमच्या त्या लाइनवर नेमकं हेच झालं होतं. थंड झाल्यावर सगळं मूळ मापावर यायचं, म्हणून पान्याला बोल्ट घट्ट लागायचे.

मग थंड असतानाच दुप्पट आवळून ठेवू, असं मनात येईल. ते जमत नाही. बी८ क्लास १ म्हणजे मऊ केलेल्या ३०४ बोल्टची यील्ड २०५ मेगापास्कलच्या आसपास असते. त्यापुढे तो कायमचा लांबतो.

उलटा प्रकारही तेवढाच वाईट. फ्लँज स्टेनलेसचा आणि बोल्ट अलॉय स्टीलचा असेल, तर तापल्यावर फ्लँज जास्त फुगतो, बोल्टवर ताण चढतो, गॅस्केट चिरडतं. थंड झाल्यावर चिरडलेलं गॅस्केट परत फुलत नाही आणि तेव्हा गळती सुरू होते.

यातून नियम असा निघतो: तापणाऱ्या जोडात बोल्ट आणि फ्लँज यांची वाढ शक्यतो सारखी हवी. एमएस फ्लँजला बी७ स्टड. स्टड म्हणजे डोकं नसलेला, दोन्ही टोकांना नट लागणारा बोल्ट, आणि बी७ म्हणजे क्रोम-मॉली अलॉय स्टील. साधारण ४०० ते ४५० अंशांपर्यंत तो चांगलं काम देतो, त्याहून गरम जागेला बी१६. बाहेरच्या गंजाचा त्रास असेल तर त्याच बी७ वर लेप घ्या. पण लेपालाही मर्यादा आहे: पीटीएफईचा लेप २६० अंशांपुढे टिकत नाही, आणि जस्त चढवलेला म्हणजे गॅल्व्हनाइज्ड माल २०० च्या वर वापरू नये. स्टेनलेस फ्लँजला मात्र स्टेनलेस बोल्ट साजतो. एमएस फ्लँज आणि भयंकर गंजाची जागा असा पेच पडला, तर निकेलच्या मिश्रधातूंचा विचार करावा लागतो. इन्कोनेल ७१८ ची वाढ अंशाला १३ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे पोलादाच्या जवळची. महाग आहे, पण एखाद्या नाजूक जोडासाठी आठ स्टड लागतात, ट्रकभर नाही.

आहेत तेच बोल्ट ठेवायचे असतील तर आणखी एक वाट आहे: बोल्ट लांब घ्यायचा आणि नटाखाली नळीसारखा कॉलर घालायचा, किंवा डिस्क स्प्रिंग वॉशरची चळत घालायची. बोल्टला ताणायला जास्त लांबी मिळते आणि तेवढ्याच फरकाने कमी पकड जाते. कॉलर कशाचा असावा आणि वॉशर त्या तापमानाला स्प्रिंग राहतात का, हे मात्र हिशेब करूनच ठरवा.

पायरी ३: ग्रेडचं घराणं ओळखा

स्टेनलेस हवं असं ठरलं की मग ग्रेड. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. खड्डे पाडणाऱ्या क्षारांना, खाडीच्या वाऱ्याला ३१६ जास्त तोंड देतं. ऐरोली-घणसोलीकडे उघड्यावर लावलेल्या ३०४ बोल्टवर पावसाळ्यानंतर चहासारखे तपकिरी डाग दिसतात, ३१६ वर कमी.

म्हणून ३१६ सगळीकडे वरचढ, असा समज बाजारात आहे. तो खरा नाही. गरम नायट्रिक ॲसिडमध्ये ३०४ एल जातीचा माल ३१६ पेक्षा चांगला टिकतो, तिथे मॉलिब्डेनमचा उपयोग नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये दोन्ही सारखेच निरुपयोगी. तिथे या घराण्याचा विचारच सोडा आणि हॅस्टेलॉय सी२७६ कडे बघा. सोडियम हायपोक्लोराइट ३१६ लाही खड्डे पाडतं. मध्यम तीव्रतेचं गरम सल्फ्युरिक ३१६ ला खातं. तीव्र कॉस्टिक सोडा १०० अंशांच्या पुढे गेलं की तडे पाडू शकतं. ॲसेटिक ॲसिडला मात्र ३१६ चांगलं.

आता तापमान. ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात साधं ३०४ किंवा ३१६ बराच काळ राहिलं, तर आतला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमांवर जाऊन बसतो. सीमेलगतचं क्रोमियम कमी होतं आणि गंज नेमका त्या सीमांवरून आत शिरतो. वरून बोल्ट ठीक दिसतो, आतून तो सुटा होत असतो. यावर दोन उपाय आहेत. एक, कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंत ठेवलेले एल ग्रेड. पण उंच तापमानाला एल ग्रेडची ताकद कमी पडते, म्हणून गरम जागेच्या बोल्टला मी ते सहसा निवडत नाही. दुसरा उपाय, टायटेनियम घातलेलं ३२१ किंवा नायोबियम घातलेलं ३४७. हे धातू कार्बनला आधीच धरून ठेवतात, क्रोमियम मोकळं राहतं. बोल्टच्या भाषेत हेच बी८टी आणि बी८सी. साडेचारशे-पाचशे अंशांवर चालणारी, मग थंड होऊन ओलावा पकडणारी जागा असेल तर मी यांच्याकडे वळतो.

३१० मध्ये २५ टक्के क्रोमियम आणि २० टक्के निकेल. हवेत हजार अंशांवरही त्याच्यावर पापुद्रे सुटत नाहीत. नवा माणूस इथे फसतो. पापुद्रे न सुटणं वेगळं आणि पकड धरून ठेवणं वेगळं. हजार अंशांवर कुठलाही स्टेनलेस बोल्ट हळूहळू ताण सोडतो. भट्टीच्या आतली जाळी किंवा हँगर नुसता अडकवून ठेवायचा असेल तर ३१० छान. गळती थांबवणारा जोड त्या तापमानाला त्याच्यावर सोडू नका.

उंच तापमानाला पकडही हवी आणि गंजाला तोंडही द्यायचं असेल, तर एएसटीएम या अमेरिकन मानकातला ए४५३ ग्रेड ६६०, म्हणजे बाजारात ए२८६ नावाने मिळणारा मिश्रधातू. यील्ड किमान ५८५ मेगापास्कल आणि वाढ ३०४-३१६ च्या जवळची. स्टेनलेस फ्लँजशी त्याची जोडी चांगली जमते.

डुप्लेक्स २२०५ क्षारांना फार चांगलं, ताकदीलाही दुप्पट. पण ३०० अंशांच्या वर ते हळूहळू ठिसूळ होतं, त्यामुळे खरोखर गरम जागेला चालत नाही. ४१० हे १२ टक्के क्रोमियमचं, चुंबकाला चिकटणारं. वाफेच्या कोरड्या कामाला ठीक, खाडीच्या हवेत गंजतं.

पायरी ४: तडे

ही पायरी घाईत वाचू नका.

३०४ आणि ३१६ दोघांचाही एक शत्रू आहे: क्लोराइड. तीन गोष्टी एकत्र आल्या की धातूला आतून तडे जातात: क्लोराइड, ताण, आणि साधारण ६० अंशांच्या वरचं तापमान. यातला ताण बोल्टमध्ये कायमच असतो, त्यासाठीच तर आपण तो आवळतो. तापमान जागेने दिलं. उरलं क्लोराइड, आणि ते आपल्याकडे वाऱ्यात आहे, कूलिंग टॉवरच्या तुषारांत आहे, धुण्याच्या पाण्यात आहे.

पाण्यात क्लोराइड थोडंच आहे, काय होणार, असं म्हणू नका. गरम पृष्ठभागावर पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पुन्हा ओल येते, पुन्हा उडते. लॅगिंगच्या पत्र्याला फट असेल तर जून ते सप्टेंबर पाणी आत जातं आणि आतल्या गरम बोल्टवर आटत राहतं. पाण्यात जे अगदी थोडं होतं ते आट्यांच्या खाचेत साठून तीव्र होतं. साधारण ६० ते १७५ अंशांच्या जागा यात सगळ्यात धोक्याच्या. त्याहून गरम पृष्ठभाग सहसा कोरडाच राहतो. पण तोही शटडाऊनला थंड होताना आणि परत तापताना याच पट्ट्यातून जातो.

हा बोल्ट वरून चकचकीत दिसतो, गंज नाही, झीज नाही. एके दिवशी नटावर हातोडी टेकवली की डोकं गळून हातात येतं. तुटलेल्या तोंडाजवळ झाडाच्या मुळांसारख्या फुटत गेलेल्या बारीक रेघा दिसतात. ३०४ ऐवजी ३१६ घेतलं तर थोडी सवलत मिळते, सुटका मिळत नाही. ज्यांनी ‘खारी हवा आहे म्हणून ३१६ घेतलं’ आणि ते १२० अंशांच्या लॅगिंगखाली घातलं, त्यांनी प्रश्न सोडवलेला नाही.

करायचं काय? सर्वांत स्वस्त उपाय पत्र्याची फट बुजवणं. पावसाळ्याआधी लॅगिंगचे सांधे, खास करून फ्लँजच्या डब्यांची वरची बाजू, सील झाली आहे का ते स्वतः शिडी चढून बघा. लॅगिंगचा माल कमी क्लोराइडचा मागवा, गॅस्केटही. फ्लँज एमएसचा असेल तर लेप दिलेला बी७ इथे स्टेनलेसपेक्षा सुरक्षित, तो गंजतो पण सांगून गंजतो. ३०० च्या आतली जागा असेल तर डुप्लेक्सचा विचार करा, फार तीव्र असेल तर निकेल मिश्रधातू. आणि स्टेनलेसवर पीव्हीसीची टेप गुंडाळणं किंवा सफाईला हायड्रोक्लोरिक वापरणं आजपासून बंद करा. क्लोराइड आपल्याच हाताने नेऊन द्यायचं कशाला?

पायरी ५: डोक्यावरची अक्षरं

दुकानात दोन भाषा चालतात. एक आयएसओ ३५०६ ची: ए२-७०, ए४-८० अशी. ए२ म्हणजे ३०४ चं कुळ, ए४ म्हणजे ३१६ चं, ए३ आणि ए५ त्यांचे स्थिर केलेले भाऊ. पुढचा आकडा ताकदीचा: ७० म्हणजे किमान ७०० मेगापास्कल, ८० म्हणजे ८००. दुसरी भाषा एएसटीएम ए१९३ ची: ३०४ साठी बी८, ३१६ साठी बी८एम. फ्लँज आणि प्रेशर व्हेसलवर बहुतेक ड्रॉइंगमध्ये ही दुसरी असते.

बी८ मध्येही क्लास १ आणि क्लास २ आहेत. क्लास १ मऊ केलेला. क्लास २ थंड अवस्थेत ताणून कडक केलेला. पाऊण इंचापर्यंतच्या बी८ मध्ये त्याची यील्ड ६९० मेगापास्कल, म्हणजे तिपटीहून जास्त. ड्रॉइंगवर क्लास लिहिलेला नसेल तर विचारा, अंदाज करू नका.

ए२-७० चा कडकपणाही असाच थंड घडाईतून आलेला असतो आणि तापमान वाढलं की तो उतरू लागतो. आयएसओच्या तक्त्यानुसार ७० आणि ८० वर्गाच्या बोल्टची यील्ड १०० अंशांवर ८५ टक्के उरते, २०० वर ८०, ३०० वर ७५, ४०० वर ७०. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा खोलीच्या तापमानाचा आहे, हे हिशेब करताना विसरू नका.

आट्यांबद्दल थोडंच सांगतो. एम१६ आणि पाच अष्टमांश इंच हे डोळ्यांना सारखेच वाटतात. एकाचा पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर, २ मिलिमीटर, दुसऱ्याचा २.३. नट दोन फेरे जातो आणि पकडतो. मग कुणीतरी लांब पाईप घालून तो ‘बसवतो’. पिच गेज खिशात ठेवा.

पायरी ६: नट, वॉशर आणि जाम होणारे आटे

बी८ ला ए१९४ चा ग्रेड ८ नट, बी८एम ला ८एम. वॉशरही त्याच कुळाचा. एमएसचा किंवा जस्ताचा वॉशर ‘सापडला म्हणून’ घालू नका. जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणि वितळलेलं जस्त ताणाखालच्या स्टेनलेसमध्ये शिरून तडे पाडतं. जस्ताची पूड असलेला रंगही गरम स्टेनलेसवर याच कारणाने वर्ज्य.

स्टेनलेसचे आटे एकमेकांना धरतात. वरचा संरक्षक थर घासला जातो, धातू धातूला चिकटतो, आणि नट मधेच असा बसतो की पुढे जात नाही, मागे येत नाही. मग ग्राइंडरशिवाय इलाज नाही. ते टाळायचं तर आटे स्वच्छ ठेवा, शक्यतो रोल केलेले घ्या, नट हाताने सावकाश फिरवा, इम्पॅक्ट गन लावू नका, आणि अँटीसीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी वंगणाची पेस्ट, लावा. गरम जागेला निकेलचं अँटीसीझ घ्या, कमी क्लोराइड आणि कमी गंधकाचं. आट्यांवर लावाच, पण नटाचा जो चेहरा वॉशरवर घासतो त्यावरही लावा. ते बहुतेक जण विसरतात.

अँटीसीझ लावलं की टॉर्क, म्हणजे नट आवळायला लागणारा पीळ, बदलतो. एम१६ बोल्टला १५० मेगापास्कल ताण द्यायचा आहे असं समजा. अँटीसीझ असेल तर साधारण ५६ न्यूटन-मीटर पुरतात. कोरड्या, घासणाऱ्या स्टेनलेसला त्याच ताणासाठी ११३ लागू शकतात. आता कुणी कोरड्या आट्यांचा ११३ चा आकडा अँटीसीझ लावलेल्या बोल्टवर वापरला, तर ताण ३०० मेगापास्कलवर जातो आणि क्लास १ चा बोल्ट तिथेच लांबतो. म्हणून टॉर्कच्या तक्त्यावर ‘कशाने वंगण केलेलं’ हे लिहिलेलं नसेल तर तो तक्ता वापरू नका.

पायरी ७: मागवणं आणि तपासणं

इंडेंटवर एवढं तरी हवं: ‘स्टड, ए१९३ बी८एम क्लास १, पाऊण इंच बाय १३० मिलिमीटर, पूर्ण आटे, प्रत्येकी दोन ए१९४ ८एम हेवी हेक्स नट, ईएन १०२०४ च्या ३.१ प्रकारच्या टेस्ट सर्टिफिकेटसह, हीट नंबर मालावर उमटवलेला.’ हीट नंबर म्हणजे तो धातू ज्या घाण्यात वितळवला त्याचा क्रमांक. ओळ लांब वाटेल. पण नागदेवीचा दुकानदार असो की कळंबोलीचा पुरवठादार, नेमकं विचारलं तर नेमकं देतात.

माल आला की सर्टिफिकेटवरचा हीट नंबर आणि स्टडवरचा नंबर जुळवा. चुंबक खिशात असेल तर असू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. थंड घडवलेला अस्सल ३०४ चा बोल्टही थोडा चिकटतो, आणि ३०४ की ३१६ हे तर चुंबक सांगूच शकत नाही. ३०४ म्हणून २०२ गळ्यात मारणं हा बाजारातला जुना प्रकार आहे. त्यात निकेल ४ ते ६ टक्के आणि मँगनीज साडेसात ते १० टक्के असतं. हातातल्या एक्स-रे गनने ते काही सेकंदांत उघडं पडतं. ३१६ मधलं मॉलिब्डेनमही ती दाखवते. कार्बन मात्र ती वाचत नाही, म्हणून एल ग्रेडची खात्री हवी असेल तर नमुना एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत द्या.

स्टोअरमध्ये स्टेनलेसचा डबा वेगळा ठेवा. एमएस कापताना उडालेली ठिणगी त्यावर बसली की तिथे गंजाचा ठिपका येतो. तारेचा ब्रशही स्टेनलेसचाच हवा, आणि तो एमएसवर चालवायचा नाही.

पायरी ८: बसवणं

समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा: पहिल्या फेरीत ठरलेल्या टॉर्कच्या ३० टक्के, दुसऱ्यात ७०, तिसऱ्यात पूर्ण, मग गोलाकार एक फेरी, एकही नट हलेनासा होईपर्यंत. चारेक तास थांबा आणि थंड अवस्थेतच पुन्हा एक फेरी मारा, कारण तेवढ्यात गॅस्केट थोडं बसलेलं असतं. गरम, दाबाखालच्या लाइनवर पाना लावायचा की नाही, हा निर्णय नव्या माणसाने घ्यायचाच नाही. गॅस्केट बनवणाऱ्याची परवानगी, लेखी परमिट आणि अनुभवी माणूस, तिन्ही असतील तरच.

आमच्याकडचे एक जुने फिटर मामा आवळून झाल्यावर प्रत्येक नट आणि फ्लँजवरून एक सरळ रंगाची रेघ ओढायचे. नट फिरला तर रेघ तुटते. पण वर सांगितलेली सैलाई नट न फिरताच येते, तेव्हा ती रेघ शाबूत राहील. म्हणून पहिल्यांदा तापवताना माणूस तिथे उभा ठेवा आणि तेवढ्यापुरतं फ्लँजवरचं लॅगिंग उघडं ठेवा. लॅगिंग चढलं की बोल्ट आणखी तापतात, हे पहिल्या पायरीत लिहिलं आहेच. म्हणून ते चढवल्यानंतरची पहिली पाळीही डोळा ठेवा.

पुढच्या शटडाऊनला काढलेले बोल्ट लगेच भंगारात टाकू नका. फ्लँजच्या नंबराची चिठ्ठी बांधून टेबलावर मांडा. पिच गेज लावा: आट्यांत उजेड दिसला तर बोल्ट लांबला आहे, म्हणजे ताण जास्त झाला किंवा उष्णतेने तो हळूहळू ताणला गेला. खड्डे दिसले तर क्लोराइड आलं कुठून ते शोधा. काहीच दिसलं नाही तरी ६० अंशांच्या वर लॅगिंगखाली राहिलेल्या बोल्टपैकी दोन-चार डाय पेनेट्रंटने, म्हणजे भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाने, तपासून घ्या. एकातही मुळांसारखी भेग निघाली, तर त्या फ्लँजवरचे सगळे बोल्ट बदला, ज्यांत भेग दिसली नाही तेही, आणि त्याच लॅगिंगखालचे शेजारचे फ्लँज उघडून बघा.